वाल्डेमार हाफकीन

वाल्डेमार मॉर्डेकाय वोल्फ हाफकीन (जन्म : १५ मार्च १८६०, ओडेसा, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि गाठीचा प्लेग या दोन रोगांवरील मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या लसी त्यांनी तयार केल्या. दोन्ही लसी माणसाला टोचण्यापूर्वी त्यांनी प्रथम स्वतःच्या शरीरावर आजमावल्या. त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा काळ भारतात, त्यातही मुंबईत गेला. परळ येथील हाफकीन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातील बहुतेकांना त्यांचे नाव त्या संस्थेमुळेच ठाऊक असते. त्या नावामागच्या माणसाला याच देशात काही वर्षे आरोपी म्हणून काढावी लागली, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

सुरुवातीचे जीवन

हाफकीन यांचा जन्म काळ्या समुद्रावरील ओडेसा बंदरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. रशियन भाषेत त्यांचे नाव व्लादिमीर आरोनोविच हावकिन असे होते. त्यांचे शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क येथे झाले. १८७९ साली त्यांनी ओडेसा येथील विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान शाखेत प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्र शिकवणारे इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू झाले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हा सिद्धान्त मांडणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेच्निकोव्ह.

तो काळ झारशाहीविरोधी चळवळीचा होता. तरुण हाफकीन नरोदनाया वोल्या या क्रांतिकारी संघटनेच्या वर्तुळात वावरले आणि त्यापायी विद्यापीठातून काढलेही गेले. १८८१ साली ओडेसात ज्यूंविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा ज्यू स्वसंरक्षण दलात राहून त्यांनी वस्तीचे रक्षण केले. त्यात ते जखमी झाले व त्यांना अटक झाली. मेच्निकोव्ह यांनी त्यांच्या बाजूने रदबदली केली. पुढे त्यांनी प्राणिशास्त्रीय संग्रहालयात नोकरी केली आणि एकपेशीय जीवांवर शोधनिबंध लिहिले. विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यासाठी ज्यू माणसाने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारावा अशी अपेक्षा असे. हाफकीन यांनी धर्मांतर नाकारले आणि रशियातील त्यांचा मार्ग तेथेच खुंटला.

१८८८ साली ते जिनिव्हाला गेले व तेथे शरीरक्रियाशास्त्राचे साहाय्यक अध्यापक झाले. पुढच्याच वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेच्निकोव्ह आधीच तेथे पोहोचले होते. संस्थेत मोकळी असलेली जागा ग्रंथालयातील होती. हाफकीन यांनी ती पत्करली. फावल्या वेळात ते व्हायोलिन वाजवीत आणि प्रयोगशाळेत जागा मिळेल तेथे काम करीत. एमिल रू यांचे साहाय्यक अलेक्सांद्र येर्सें १८९० साली इंडोचायनाला निघून गेले आणि त्यांच्या जागी हाफकीन यांची वर्णी लागली. या येर्सें यांनीच १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधून काढला.

पटकीची लस

पटकी हा आतड्याचा रोग आहे. दूषित पाण्यातून पोटात गेलेला स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू लहान आतड्यात वाढतो. आतडे शोषून घेण्याऐवजी पाणी बाहेर टाकू लागते आणि धडधाकट माणूस काही तासांत शुष्क होऊन मरण पावतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८३–८४ साली इजिप्त व कलकत्ता येथे या जंतूची ओळख पटवली होती. स्पेनमध्ये जैमे फेरान यांनी १८८५ साली पटकीविरुद्ध टोचणी करून पाहिली, परंतु तिची पद्धत व आकडे दोन्ही वादग्रस्त ठरले. १८८१ पासून पटकीची पाचवी जागतिक साथ आशिया व युरोपात फिरत होती आणि आतड्यातील जंतूविरुद्ध कातडीखाली टोचलेली लस उपयोगी पडेल काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

हाफकीन यांनी पाश्चर यांच्या विचारसरणीनुसार दोन लसी बनवल्या. जंतू उबदार तापमानात व हवेच्या प्रवाहात वाढवून त्यांनी एक दुर्बल वाण तयार केला. दुसरीकडे गिनीपिगच्या उदरपोकळीतून तोच जंतू एकामागून एक अनेक वेळा पुढे नेऊन अत्यंत तीव्र वाण मिळवला. आधी दुर्बल आणि काही दिवसांनी तीव्र अशी टोचणी दिलेले प्राणी पटकीच्या मारक मात्रेतूनही वाचले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत सर्व उतरले. त्यानंतर काही रशियन मित्रांनीही टोचून घेतले. महिनाअखेरीस त्यांनी आपले निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेपुढे मांडले.

रोगाची लागण चालू असलेला प्रदेश मिळाल्याशिवाय लस सिद्ध होणार नव्हती. रशियाने त्यांना दाद दिली नाही. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांनी भारताचे नाव सुचवले.

भारतातील पहिला मुक्काम (१८९३–१८९५)

मार्च १८९३ मध्ये हाफकीन कलकत्त्याला पोहोचले. त्यानंतर लवकरच आग्र्यापासून त्यांचा उत्तर भारताचा दौरा सुरू झाला. पहिल्या टोचण्यांत लष्कराच्या छावण्यांना मोठे स्थान होते आणि त्याला कारण होते. एकोणिसाव्या शतकातील भारतात सैनिकांना शत्रूच्या गोळीपेक्षा पटकीचे भय अधिक असे. छावणीत रोग दिसला की पलटणीने बराकी सोडून दूर माळावर तंबू ठोकायचे, तेथेही रोग आला तर पुन्हा मुक्काम हलवायचा, असा लष्करी रिवाज होता. निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिन्जन्टच्या ताब्यात असलेली औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) छावणी असो किंवा आग्रा, लखनौ यांसारखी ब्रिटिश ठाणी असोत, शिस्तबद्ध, मोजता येणारी आणि नोंदवहीत बंदिस्त अशी माणसे तेथे होती. लशीची परीक्षा घेऊ पाहणाऱ्या संशोधकाला याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

सोय असली तरी निष्कर्ष सरसकट अनुकूल निघाले नाहीत. लखनौच्या पलटणीत टोचलेल्यांनाही पुढे पटकी झाली. मात्रा सौम्य होती आणि मध्ये बराच काळ लोटला होता, असा खुलासा हाफकीन यांनी केला. त्यावरून लशीचे संरक्षण फार काळ टिकत नाही ही गोष्ट तेव्हाच उघड होऊ लागली होती.

खरी निर्णायक चाचणी कलकत्त्याच्या झोपडवस्तीत झाली. मार्च १८९४ मध्ये शहराचे आरोग्याधिकारी डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी वस्तीतील तळ्याच्या पाण्याची तपासणी करण्यासाठी हाफकीन यांना बोलावून घेतले. काट्टल बागान या वस्तीत दोघे जण पटकीने दगावले होते. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर वस्तीत पटकीचे जे रुग्ण झाले ते सर्व टोचून न घेतलेल्यांपैकी होते. एकाच घरातले, एकच पाणी पिणारे काही लोक टोचलेले आणि काही न टोचलेले, ही तुलना अधिकाऱ्यांच्या अहवालांपेक्षा लोकांना अधिक पटली. हाफकीन यांच्याबरोबर काम करणाऱ्या बंगाली डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, त्याचाही परिणाम झाला. पुढे आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत व गयेच्या तुरुंगात टोचणी झाली. १८९५ पर्यंत सुमारे ४२,००० लोकांनी लस घेतली होती. या सर्व टोचण्या ऐच्छिक होत्या. हिवतापाने खंगलेले हाफकीन त्याच वर्षी युरोपात परतले आणि १८९६ च्या पूर्वार्धात पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. चीनमधून हाँगकाँगला आणि तेथून जहाजांच्या मार्गाने पसरलेल्या तिसऱ्या जागतिक साथीचे भारतातील ते आगमन होते. मांडवी हा धान्याच्या गोदामांचा व दाट चाळींचा भाग. घरांत उंदीर मरून पडत, मागोमाग माणसांना ताप येई व काखेत किंवा जांघेत गाठ उठे. थोड्याच महिन्यांत गिरण्या ओस पडल्या आणि शहरातील लाखो लोक गावाकडे निघाले. त्यांच्यासह रोगही पुणे, कराची व गुजरातेत पोहोचला.

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकीन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा ही त्यांची प्रयोगशाळा. एक कारकून आणि तीन शिपाई हे त्यांचे मनुष्यबळ. या चमूतील एकाचे मानसिक स्वास्थ्य बिघडले आणि इतरही फार काळ टिकले नाहीत, इतका कामाचा ताण होता.

प्लेगची लस पटकीच्या लशीहून वेगळ्या विचाराने बनली. येथे जिवंत जंतू टोचायचा नव्हता. हाफकीन यांनी मोठ्या काचेच्या चंबूंत मांसरसाचे द्रावण भरले आणि त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू या थेंबांना धरून वाढत आणि गुहेच्या छताला लटकणाऱ्या अधोमुख लवणस्तंभांसारखे खाली लोंबू लागत. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि वर नवे लोंबकळू लागत. पाच-सहा आठवड्यांत द्रावण जंतूंनी व त्यांच्या विषद्रव्यांनी भरून जाई. मग ते तापवून जंतू मारले जात आणि सुरक्षिततेसाठी त्यात कार्बोलिक आम्ल घातले जाई. पुढे येणाऱ्या दुर्घटनेच्या संदर्भात हे शेवटचे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावे. द्रावणासाठी गोमांस किंवा डुकराचे मांस न वापरता बकऱ्याचे मांस वापरण्याची दक्षताही घेतली गेली, कारण ही लस हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही शरीरात जायची होती. तूप आणि बकऱ्याचे मांस या दोन्ही गोष्टी मुंबईच्या बाजारातल्या. पॅरिसच्या प्रयोगशाळेत शिकलेली विद्या त्यांनी स्थानिक साधनांवर बसवली होती.

डिसेंबरमध्ये सशांवरील प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी कॉलेजच्या प्राचार्यांच्या उपस्थितीत डॉ. सर्व्हेयर यांच्याकडून स्वतःला लस टोचून घेतली. घेतलेली मात्रा १० घन सेंटिमीटर होती, म्हणजे नंतर सामान्य लोकांसाठी ठरलेल्या मात्रेहून कितीतरी जास्त. त्यांना सडकून ताप आला. तरीही त्या अवस्थेत ते सभांना हजर राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

जानेवारीअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जवळपास निम्म्यांनी स्वेच्छेने लस घेतली. त्यानंतरच्या दिवसांत टोचलेल्या गटात तुरळक रुग्ण झाले, न टोचलेल्या गटात रुग्ण अधिक झाले व मृत्यूही झाले. तुरुंगाच्या भिंतीआड राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या माणसांवरची ही तुलना त्या काळाच्या मानाने काटेकोर होती. बंदिवानाच्या संमतीला खरोखर किती अर्थ असतो, हा प्रश्न आजचा वाचक विचारील. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही.

त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्ये मोठी साथ आली. तेथे टोचलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ जण दगावले, तर न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. जर्मन प्लेग आयोगाबरोबर भारतात आलेले रॉबर्ट कॉख आणि गाफ्की यांनी दमणला भेट दिली. १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी हाफकीन यांनी आणखी कठोर कसोटी घेतली. २८ कुटुंबे निवडून प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस दिली. टोचलेल्या ७१ पैकी ३ आणि न टोचलेल्या ६४ पैकी २६ जण मरण पावले. एकाच घरात अर्धी माणसे संरक्षित आणि अर्धी उघड्यावर ठेवण्याचा हा प्रकार संख्याशास्त्राला सोयीचा होता. ज्या घरांत २६ मृत्यू झाले त्यांना तो कसा वाटला असेल, याची नोंद कोठे आढळत नाही.

सक्ती आणि स्वेच्छा

महाराष्ट्रात प्लेगची आठवण लशीपेक्षा घरझडतीशी अधिक जोडलेली आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा मंजूर झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घराघरांत रुग्ण शोधण्याची मोहीम उघडली. देवघरात आणि स्वयंपाकघरात सोजीर शिरले, सामान रस्त्यावर जाळले गेले, स्त्रियांची तपासणी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली; त्या प्रसंगी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड काही दिवसांनी मरण पावले. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो याच वर्षी. रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगची लागण होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या, तोही याच साथीतला प्रसंग.

या पार्श्वभूमीवर सरकारी डॉक्टराची सुई हा आणखी एक जुलूम समजला जाणे स्वाभाविक होते. लस टोचल्यावर ताप येई, दंड सुजे आणि गरीब माणसाचा एक-दोन दिवसांचा रोज बुडे. हाफकीन यांचा भर सक्तीवर नव्हता. समाजातील वजनदार माणसांनी आधी टोचून घ्यावे, मग लोक आपण होऊन येतील, अशी त्यांची पद्धत होती. तिला सर्वांत मोठे यश खोजा समाजात आले. त्या वेळी विशीच्या आतबाहेर असलेल्या आगाखान (तिसरे) यांनी अनुयायांसमोर स्वतःला टोचून घेतले आणि माझगावची खुशरू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली आणि शेजारच्या वस्त्यांच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्यू कमी झाल्याचे दिसून आले. दक्षिणेकडे हुबळीतही १८९८ साली मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली.

१८९८–९९ मध्ये भारतीय प्लेग आयोगाने लशीची छाननी केली. लशीमुळे रोगाचे व मृत्यूचे प्रमाण घटते हे आयोगाने मान्य केले. मात्र लशीची ताकद बाटलीगणिक बदलते, ती प्रमाणित करण्याची पद्धत समाधानकारक नाही, असे आक्षेपही घेतले. आक्षेप निराधार नव्हते. परंतु त्यामागे आणखी एक अढी होती. हाफकीन वैद्यकाचे पदवीधर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. रशियन होते आणि ज्यू होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना असा माणूस आपल्या डोक्यावर असणे रुचत नव्हते. व्हिक्टोरिया राणीच्या सरकारने त्यांना १८९७ साली सी.आय.ई. हा किताब दिला होता, १८९९ साली ते ब्रिटिश नागरिकही झाले, तरी ही अढी सुटली नाही.

प्रयोगशाळा या काळात जागा बदलत राहिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या वास्तूचा इतिहासही आतड्याच्या रोगाशी जोडलेला आहे. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ साली पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार टेकडीला पसंती दिली. पटकीमुळे रिकाम्या झालेल्या राजवाड्यात पटकीच्या लशीचा जनक प्लेगची लस बनवण्यासाठी आला.

मुलकोवाल दुर्घटना

१९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि तेथील सरकारने लशीची प्रचंड मागणी केली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकीन यांनी पद्धतीत बदल केला. पाश्चर संस्थेतील प्रथेप्रमाणे केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेली, कार्बोलिक आम्ल न घातलेली लस तयार होऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या पंजाबी खेड्यात १०७ जणांना पाच बाटल्यांतील लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांपैकी कोणालाही काही झाले नाही. पंजाबातील मोहीम कोलमडली.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत आणि कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक होती, असे आयोगाचे मत पडले. हाफकीन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ साली त्यांनी भारत सोडला. त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झाला नव्हता, पण कामही उरले नव्हते.

आयोगापुढील साक्षीतच एक बाब आली होती. मुलकोवालला बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशक द्रावणात बुडवून घेतला आणि त्यानेच बूच उपसले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत राहतात आणि सौम्य जंतुनाशकाला सहज दाद देत नाहीत. शिवाय ही लस मुंबईत ४१ दिवस आधी भरलेली होती. इतके दिवस बाटलीत धनुर्वाताचा जंतू वाढत असता तर बाटली उघडताच उग्र दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. साधा तर्क होता, पण तो ऐकून घेण्यास चार-पाच वर्षे लागली. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याची फेरतपासणी केली आणि सरकारी कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे बाहेरच्या शास्त्रज्ञांना साक्षी मुळातून वाचता आल्या.

ती वाचून सर्वांत आवेशाने उभे राहिले ते रोनाल्ड रॉस. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे भारतात सेवेत असताना सिद्ध करून नोबेल पारितोषिक मिळवलेल्या रॉस यांना भारतातील वैद्यकीय नोकरशाहीचा स्वभाव चांगला परिचित होता. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. सिम्पसन आणि अमेरिकेचे सायमन फ्लेक्सनर हेही त्यात होते. प्रयोगशाळेवरील आरोप सिद्ध होत नाही, उलट पुरावा खेड्यातल्या अपघाताकडे बोट दाखवतो, असे त्यांनी मांडले. फ्रान्समध्ये ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस यांच्यावर झालेला अन्याय लोकांच्या स्मरणात ताजा होता; या प्रकरणाची तुलना त्याच्याशी होऊ लागली. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. अखेर १९०७ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकीन यांना दोषमुक्त ठरवून पुन्हा नोकरी देऊ केली.

निर्दोषत्व मान्य झाले तरी कार्बोलिक आम्ल वगळण्याचा निर्णय शहाणपणाचा होता काय, हा प्रश्न उरतो. उष्णतेने निर्जंतुक केलेली लस शुद्ध होती असे धरले, तरी खेड्यातल्या धुळीत, अर्धशिक्षित साहाय्यकांच्या हाती उघडल्या जाणाऱ्या बाटलीला ते आम्ल काही प्रमाणात संरक्षण देत होते. पॅरिसच्या प्रयोगशाळेत चालणारी रीत मुलकोवालच्या पारावर चालेलच असे नव्हते. दहा शास्त्रज्ञांच्या पत्रात नावे गाजली ती शास्त्रज्ञांची. मेलेल्या १९ खेडुतांची नावे या वादाच्या चर्चेत क्वचितच येतात.

उत्तरायुष्य

भारतात परतल्यावर हाफकीन यांना परळची प्रयोगशाळा मिळाली नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्याच्या जैविक प्रयोगशाळेत झाली. तेथे लस बनवण्याची साधने तुटपुंजी होती आणि माणसांवर नव्या चाचण्या करण्याची मोकळीकही नव्हती. पटकीची मृत जंतूंची लस सुधारण्याचे त्यांचे प्रस्ताव लालफितीत अडकले. १९०९ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना ब्रियां पारितोषिक दिले. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, पहिले महायुद्ध सुरू असताना, ते निवृत्त होऊन युरोपात गेले.

उरलेले आयुष्य त्यांनी प्रामुख्याने फ्रान्समध्ये आणि अखेरची वर्षे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे काढली. तारुण्यात क्रांतिकारकांत वावरलेला हा शास्त्रज्ञ उतारवयात कर्मठ ज्यू धर्माचरणाकडे वळला. १९१६ साली त्यांनी धर्मनिष्ठेचे समर्थन करणारा निबंध प्रसिद्ध केला. १९२० च्या दशकात ते एकदा ओडेसाला जाऊन आले. पण सोव्हिएत राजवटीतील त्या शहरात त्यांचे मन रमले नाही. १९२९ साली त्यांनी आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या साहाय्यासाठी एका न्यासाला दिली. पाठशाळांत धर्मग्रंथांबरोबर विज्ञान व व्यवसायशिक्षणही असावे असा त्यांचा आग्रह होता. ते अविवाहित होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

लशींचे पुढे काय झाले

हाफकीन यांच्या प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून पाठवल्या गेल्या. तरीही भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली सांगितले होते आणि परळच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या ग्लेन लिस्टन यांच्या निरीक्षणांनी त्याला पुष्टी मिळाली. लस माणसाला वाचवू शकत होती, पण साथ थांबवण्यासाठी उंदीर, गोदामे आणि घरबांधणी यांकडे वळावे लागले.

पटकीच्या बाबतीतही असेच घडले. टोचून घ्यायच्या मृत जंतूंच्या लशी विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचारात राहिल्या. पंढरपूरच्या वारीसारख्या मोठ्या यात्रांच्या वेळी टोचणी हा अनेकांच्या आठवणीचा भाग आहे. परंतु त्यांचे संरक्षण अपुरे आणि अल्पकाळचे असल्याने प्रवाशांसाठी पटकीच्या टोचणीची आंतरराष्ट्रीय अट १९७३ साली रद्द झाली. पटकीचा जंतू आतड्याच्या अस्तरावर विषद्रव्य सोडून पाणी बाहेर काढतो हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो रुग्ण वाचवले. आज वापरल्या जाणाऱ्या पटकीच्या लशी तोंडावाटे देतात, कारण संरक्षण आतड्याच्या आत हवे असते. कातडीखालची सुई तेथपर्यंत नीट पोहोचत नाही. मारलेले जंतू देऊन शरीराला सावध करण्याची कल्पना मात्र त्यांतही आहे.

हाफकीन संस्था

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ साली मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले आणि १९२५ साली तिला हाफकीन यांचे नाव देण्यात आले. त्या वेळी ते हयात होते. १९३२ पासून संस्थेचे संचालक असलेल्या साहिबसिंग सोखी यांनी तेथे लस व औषधनिर्मितीचा मोठा विस्तार केला. १९७५ साली उत्पादनाचे काम हाफकीन जीव-औषध निर्माण महामंडळ या स्वतंत्र सरकारी कंपनीकडे गेले. तोंडावाटे द्यायची पोलिओ लस आणि सर्पदंशावरील प्रतिविष यांसाठी ती ओळखली जाते. भारतीय टपाल खात्याने १९६४ साली हाफकीन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. १८९७ चा साथरोग कायदा २०२० साली कोविड-१९ च्या साथीत पुन्हा लागू करण्यात आला आणि एप्रिल २०२१ मध्ये महामंडळाला कोव्हॅक्सिन लशीच्या उत्पादनाची परवानगी मिळाली.